मागच्या चाकांची असमान पकड : डिफरन्शियल लॉकपर्यंत आलेले काम

नांगरणी करताना डावे चाक जागेवर गरगर फिरते आणि तासात, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरात, चालणारे उजवे चाक जवळजवळ थांबते, ही जुन्या ट्रॅक्टरची नेहमीची तक्रार आहे. संशय प्रथम टायरवर जातो. तो निम्माच खरा असतो. साधे डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी, दोन्हींना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देत असल्यामुळे, कमी पकड असलेले चाक जेवढा टॉर्क पेलू शकते तेवढाच दुसऱ्याच्याही वाट्याला येतो, मग त्याचा टायर कितीही नवा असो. उजवे चाक तासात उतरले की ट्रॅक्टर त्या बाजूला कलतो, भार तिकडे सरकतो आणि हलके झालेले डावे चाक सुटते.

तरीही आधी टायरच हाती घेतले. दोन्ही १३.६-२८ मापाचे, परंतु डाव्याच्या पकडीच्या रबरी पट्ट्या उजव्यापेक्षा बऱ्याच झिजलेल्या होत्या. हवा सारखी करून, टायरवर खडूची खूण करून एका फेऱ्यात कापलेले अंतर मोजले, तेव्हा दोन्हींतला फरक स्पष्ट दिसला. असा फरक ठेवून डिफरन्शियल लॉक, म्हणजे पेडल दाबून दोन्ही चाके एकत्र जखडणारी सोय, वापरले, तर सरळ चालतानाही हाफ शाफ्टवर (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यावर) विनाकारण ताण येतो. म्हणून टायर जोडीनेच बदलले. नंतर चाकांवरचे वजन वाढवण्यासाठी व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंत दोन्हींत पाणी भरले, म्हणजे टायर सुमारे ७५ टक्के भरतो.

खरी अडचण मात्र लॉकमध्ये निघाली. पुढची चाके हलू नयेत म्हणून त्यांना ओट लावून, मागचा भाग स्टँडवर घेऊन, इंजिन बंद आणि गिअर टाकलेला असताना एक चाक हाताने फिरवले, तर दुसरे उलट फिरते. पेडल दाबल्यावर मात्र दोन्ही अडली पाहिजेत. येथे पेडल खाली जाऊनही चाके फिरतच राहिली. उघडल्यावर पेडलचा आडवा शाफ्ट बुशमध्ये गंजून जाम झालेला आढळला, त्यामुळे लॉकचे दातेरी कपलिंग सरकवणारा फोर्क अर्ध्यावरच थांबत होता. कपलिंगच्या दातांच्या कडाही गोलावल्या होत्या; चाक वेगाने फिरत असताना लॉक दाबण्याच्या सवयीचे हे लक्षण आहे. दातांच्या बाजू शाबूत असल्याने कपलिंग तेच ठेवले. शाफ्ट साफ करून बुश आणि स्प्रिंग नवीन बसवली. स्टँडवरच्या चाचणीत आता दोन्ही चाके अडतात.

नांगर जोडून चाचणी अजून घ्यायची आहे. त्याआधी डाव्या ब्रेक ड्रममध्ये झिरपणाऱ्या तेलाचे सील बदलणे भाग आहे, कारण लॉक नसताना सुटलेल्या चाकाला हलका ब्रेक लावून काम निभावता येते आणि तो ब्रेक सध्या निरुपयोगी आहे.