नंदगडकडची बाग बघायची तर सातच्या आत पोहोचा

दोन वर्षांपूर्वी मी नंदगडकडच्या एका गावात, आक्कांच्या बागेत पहिल्यांदा गेले ती भर दुपारी साडेबाराला. अबोलीनं माना टाकलेल्या, मोगऱ्याची फुलं तांबूस होऊन मातीत पडलेली, आणि जास्वंदीकडं तर बघवत नव्हतं. ‘हीच का ती बाग?’ असं मनात आलं. बोलले नाही एवढंच. यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो, पण पहाटे साडेपाचला बेळगावातली टिळकवाडी सोडून.

आम्ही तिघं होतो. मी, गच्चीवर चौदा कुंड्या जास्वंदी सांभाळणाऱ्या वहिनी आणि शेजारचे निवृत्त मास्तर. मास्तर घरी कन्नड बोलतात, झाडांशी मराठीत. दुसऱ्या रेल्वे गेटवर दहा मिनिटं मोडली, ती धरूनच निघा. बेळगावपासून खानापूर 26 किलोमीटर, तिथून नंदगडचा रस्ता. बसनं जाणार असाल तर खानापूरपर्यंत गाड्या भरपूर, पुढं मात्र नंदगड-हलशीकडं जाणाऱ्या बसची वाट बघावी लागते, म्हणजे सातची वेळ हुकलीच. शक्यतो स्वतःची गाडी घ्या. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 साली फाशी दिली. मास्तर समाधीपाशी हात जोडल्याशिवाय पुढं सरकत नाहीत, त्यामुळे आमची आणखी पाच मिनिटं गेली.

आक्कांचं घर कौलारू, मागं मोठं परडं, तांबडी माती. आम्हाला बघून म्हणाल्या, “आता कसं वेळेवर आलासा! दुपारी बाग बघाय येत्यात व्हय कोण?” म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं त्या विसरल्या नव्हत्या.

आत शिरलो आणि वास आधी आला. बटमोगऱ्याची अकरा झाडं ओळीनं, आणि रात्रीत उमललेली फुलं अजून ताठ, पाकळीला जराही डाग नाही. मास्तर “दुंडु मल्लिगे, दुंडु मल्लिगे” करत एकेका झाडापाशी वाकत होते. माझ्या घरच्या मोगऱ्याला इतकी पानं येतात की भाजी करावी, फुलं मात्र मोजून सात. मी विचारलं. आक्कांचं उत्तर सरळ होतं. जानेवारी संपता संपता छाटायचं, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढायची, पंधरा दिवस पाणी तोडायचं आणि मग शेणखत घालून भरपूर पाणी द्यायचं. फूल येतं ते नव्या फुटीवर. एक बहर संपला की शेंडे पुन्हा खुडायचे. “तू लाड करत्येस त्येचा,” म्हणाल्या. खरं आहे, मी रोज पाणी घालते.

पण मी ज्यासाठी पुन्हा गेले होते ती गोष्ट जमिनीत होती. दर दोन झाडांमध्ये एक मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं, तोंडावर फुटक्या कौलाचं झाकण. झाकण उचलून बघितलं तर पाणी निम्म्यावर, आणि मडक्याभोवती वीतभर माती काळपट, ओली. तिच्यापलीकडं भेगाळलेली तांबडी जमीन. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपतं ते आसपासची माती कोरडी असेल तर जास्त, ओली असेल तर कमी. मुळं आपोआप मडक्याकडं वळतात. वर भाताचं पिंजर पसरलेलं. आड मे महिन्यात तळाला जातो, तरी तीन-चार दिवसांतून एकदा मडकी भरली की झालं. मडकं रंगवलेलं किंवा चकाकी दिलेलं घेऊ नका, त्यातून पाणी झिरपत नाही.

आम्ही आमची मडकी परतीच्या वाटेवर खानापुरातच घेतली. कौलं आणि मातीकाम यांसाठी खानापूरचं नाव जुनं आहे, कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथं आहे. बोटानं वाजवून बघा, खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर तडा असतो. आणि जाताना नव्हे, येताना घ्या. गाडीत पायाशी चार मडकी घेऊन वहिनी जाताना कशा बसल्या असत्या कोण जाणे.

फणसाच्या सावलीत मे फ्लॉवर होती. वळवाची एक सर होऊन गेलेली, त्यामुळे जमिनीतून नुसते दांडे वर आले होते आणि प्रत्येकावर लालभडक गोल चेंडू. पानं अजून वर यायची होती. वहिनींना कंद तिथल्या तिथं हवा होता. मागू नका, फुलावर असताना कंद उपटणं म्हणजे वर्ष घालवणं. पानं वाळून कंद झोपला की, थंडीत, आक्का स्वतः पाठवतात.

फांद्यांच्या बाबतीत माझी चूक सांगते. मागच्या खेपेला जाईच्या कांड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डिकीत ठेवल्या. घरी उघडल्या तर शिजवलेल्या शेंगा. आता ओला पंचा नेते, आणि कांड्या पायाशी. खरं तर जूनमध्ये पाऊस लागल्यावर गेलात तर कांड्या जास्त धरतात, पण तेव्हा मोगरा एवढा नसतो. काहीतरी एक सोडावं लागतं.

आक्कांसाठी मिठाई म्हणून कुंदा नेऊ नका, त्यांना साखर आहे. मास्तरांनी पिवळ्या दासवाळाचं, म्हणजे जास्वंदीचं, रोप नेलं, ते बघून आक्कांनी आम्हाला नाचण्याच्या आंबीलीचा दुसरा तांब्या दिला. आणि हो, आक्कांचं घर काही बघायचं ठिकाण नव्हे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. अशी परडी खानापूर तालुक्यात पुष्कळ आहेत, पाहुण्यांपैकी कुणीतरी तिकडचं असतंच. आदल्या दिवशी फोन करून जा.

दुपारी तीनच्या आत परत फिरा. वळीव आला की रस्त्यावर फांद्या पडतात. आम्ही रेंगाळलो. आभाळ काळं झालं, टपोरे थेंब पडायला लागले, आणि भिंतीकडून तडतड आवाज सुरू झाला. मला वाटलं गारा. अबोलीची वाळलेली बोंडं होती ती, पाणी लागलं की फुटतात आणि बी लांब उडवतात. एक बी मास्तरांच्या चष्म्यावर आपटलं. आक्कांनी धावत जाऊन कोरडी कणसं खुडली आणि स्टीलच्या डब्यात घालून झाकण दाबलं. “कागदात नको,” म्हणाल्या. घरी ओट्यावर डबा उघडून पाण्याचा हबका मारला आणि झाकण लावलं, तर आतून पाच मिनिटं लाह्या फुटल्यासारखा आवाज येत होता.