आमची वाटचाल : सोनं खरं, नाणं खोटं

आमचे अण्णा झवेरी बाजारात एका सराफाकडे कस लावायचं काम करत. १९९० साली सोन्याच्या व्यवहारावर बंधनं घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ठाकुरद्वारला गाळा भाड्याने घेतला. दोन माणसं बसली की तिसऱ्याने जिन्यात उभं राहायचं, एवढीच जागा. काळी कसोटी, आम्लाची बाटली, तराजू आणि एक भिंग हे भांडवल. जुन्या मोहरा, गिन्या (म्हणजे इंग्रजांची सोन्याची सॉव्हरिन नाणी), माळेतल्या पुतळ्या घ्यायच्या आणि संग्राहकांना विकायच्या. बी.कॉम. झाल्यावर मीही तिथेच बसू लागलो.

१९९८ मध्ये ओळखीच्या एका दलालाकडून आम्ही पाच गिन्या घेतल्या. कस लावला, बावीस कॅरेट. वजन प्रत्येकी ७.९८ ग्रॅम, जसं हवं तसं. सोन्याच्या भावावर वरचे पैसे मोजले आणि पाचही नाणी एका जुन्या गिऱ्हाइकाला दिली. आठ दिवसांनी ते गृहस्थ परत आले, पाची नाणी ओळीने मांडली आणि भिंग माझ्या हातात दिलं. गिनीवर घोडेस्वाराचं चित्र असतं, त्यातल्या घोड्याच्या पोटाखाली एक बारीक ओरखडा होता. पाचही नाण्यांवर, त्याच जागी, तेवढाच.

ठशातच दोष असेल तर तो सगळ्या नाण्यांवर येतो, हे ठीक. पण हा तर वापरातला ओरखडा होता, खिशात किंवा गल्ल्यात पडलेला. पाच नाण्यांना एकच जखम कशी होईल? कुणीतरी एका खऱ्या, वापरलेल्या गिनीवरून ठसा उठवून ही पाच पाडली होती, आणि तीही चोख बावीस कॅरेटात. १९५०-६० च्या दशकांत बैरुतमध्ये अशा भरपूर गिन्या तयार झाल्या, हे मला नंतर कळलं. अण्णांनी पैसे परत केले. सोन्याचे पैसे सुटले, वरचे बुडाले. त्या दिवसापासून आमच्या दुकानात ‘सोनं आहे का’ हा प्रश्न दुसरा झाला.

पुढे खरेदी-विक्री हळूहळू बंदच केली. आता आम्ही फक्त नाणी तपासून लेखी मत देतो. मत काहीही येवो, फी तीच. हे सुरुवातीला लोकांना पटत नसे. ‘खोटं निघालं तर पैसे कसले घेता?’ असं तोंडावर विचारणारे अजूनही भेटतात.

पाण्यातलं वजन ही आमची आवडती चाचणी. मशीनपेक्षाही. क्ष-किरणांनी धातू ओळखणारं एक्सआरएफ मशीन नाण्याचा वरचा पातळ थरच वाचतं, जाड मुलामा असला तर बिनधास्त फसतं. पाण्याला वरवरचं काही कळत नाही. गिनी दोऱ्याने पाण्यात लटकवली की ७.९८ चं वजन ७.५३ च्या आसपास भरतं. घट ०.४५. वजनाला घटीने भागलं की घनता मिळते, साधारण १७.७, म्हणजे बावीस कॅरेट सोन्याची. पितळ असेल तर आकडा साडेआठच्या घरात. मात्र काटा मिलिग्रॅमचा हवा आणि नाण्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटकायला हवेत. शुद्ध सोन्याच्या मोहरेला एवढ्यावर सोडत नाही, कारण टंगस्टनची घनता जवळजवळ तेवढीच असते.

मग भिंग. ठशाने न पाडता साच्यात ओतलेल्या नाण्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात, बाजूच्या दात्यांवर कधी जोडाची रेघ सापडते. सालही बघायचं. मुंबईत ब्रिटिश अमलात गिन्या पडल्या त्या फक्त १९१८ मध्ये. सालाच्या वर बारीक इंग्रजी ‘आय’ (I) अक्षर ही त्यांची खूण. त्या काळचं दुसरं साल आणि वर ‘आय’ दिसला, तर पुढे बघायची गरज नाही. (२०१३ पासून भारतात पुन्हा ‘आय’ खुणेच्या गिन्या निघाल्या, त्या वेगळ्या.)

शिवराई होन, म्हणजे शिवाजी महाराजांचं सोन्याचं नाणं, घेऊन दर महिन्याला कुणी ना कुणी येतंच. ‘श्री राजा शिव’ वाचताना त्यांचा आवाज बदलतो. आजवर एकही होन मी खरा म्हणून लिहून दिलेला नाही, आणि हे सांगताना दर वेळी जिवावर येतं. ‘पाया खणताना हंडा सापडला’ म्हणणाऱ्याचं नाणं आम्ही हातातच घेत नाही. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे त्याने कलेक्टरकडे जायला हवं, आणि बहुतेक वेळा हंडाही खोटाच असतो.

पुतळ्यांचं मात्र निराळं. मूळ पुतळी म्हणजे व्हेनिसचा डुकाट, साडेतीन ग्रॅमचा, जवळपास शुद्ध. आपल्या सोनारांनी ती पाहून माळेसाठी पुतळ्या घडवल्या. लॅटिन येत नसल्याने अक्षरांच्या झाल्या काड्या. त्यात फसवणूक नव्हती. मध्यंतरी गिरगावातल्या एक आजी सासूबाईंची माळ घेऊन आल्या. बावीस पुतळ्यांत तीन व्हेनिसच्या निघाल्या. ‘त्या तीन वेगळ्या काढून देऊ का?’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘कशाला? होती तशीच ओवून दे.’

त्या पाचांतल्या दोन गिन्या अण्णांनी वितळवल्या नाहीत. कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी आम्ही त्याच देतो. बहुतेक जण काट्याकडे धावतात. गेल्या महिन्यात आलेल्या मुलीने काही न बोलता दोन्ही शेजारी ठेवल्या आणि भिंग मागितलं.