रेस उतरंना झालीय

मंद्रूपकडच्या एका वस्तीवरून सकाळीच फोन आला. "मिस्त्री, ट्रॅक्टरची रेस उतरंना झालीय, मळणी अडकलीय." मार्च महिना, खळ्यावर ज्वारीच्या कणसांचा ढीग. सोलापुरातून हत्यारं घेऊन निघालो.

ट्रॅक्टर जवळजवळ माझ्याच वयाचा. हाताची रेस पार खाली केली तरी इंजिन वर-खाली झुलायचं, मध्येच भसकन चढायचं. आदल्या दिवशी आलेला मिस्त्री डिझेल फिल्टर बदलून, हवा काढून, "पंप खोलावा लागतोय" म्हणून गेला होता. मी एक्सलेटरचा रॉड आणि स्प्रिंग बघण्यात तास घालवला. उगाच. दोन्ही ठणठणीत.

या डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनाची रेस ताब्यात ठेवणारा भाग, फिरत्या वजनांचा नाही, व्हॅक्युमवाला. यात एक्सलेटर पंपाला नाही, हवेच्या वाटेतल्या झडपेला जोडलेला असतो. झडप मिटली की तिथं हवेची ओढ वाढते, ती बारीक पाइपातून पंपाच्या पडद्यापर्यंत जाते आणि पडदा रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी, मागं ओढून डिझेल कमी करतो. ओढ तुटली की स्प्रिंग रॅकला फुल डिझेलवर ढकलते. हे चुकलं तर इंजिन पळत सुटतं, म्हणून चालू करण्याआधी एका पोराला फळी देऊन एअर क्लीनरच्या तोंडाशी उभं केलं.

आधी बंद इंजिनावरच पडदा तपासला. बंद करायचा लिव्हर ओढला, पंपावरचं पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं, लिव्हर सोडला. हवा कुठूनच आत शिरली नाही, रॅक तिथंच थांबला. पडदा शाबूत; पंप खोलायची गरजच नव्हती. मग गळती पाइपात. पण डोळ्याला काही दिसेना, आणि साबणाचं पाणी इथं उपयोगाचं नाही, कारण हवा बाहेर येत नाही, आत जाते.

ट्रॅक्टरवाले तात्या शेजारी बिडी ओढत बसलेले. त्यांना कडब्यापासून लांब बसा म्हणणार होतो, तेवढ्यात सुचलं. ट्रॅक्टरच मोकळ्या रानात नेला आणि बिडी मागून घेतली. इंजिन चालू ठेवून पाइपाजवळून हळूहळू फिरवली. रबरी जोडाखाली धूर सरळ आत ओढला गेला. मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला लागलेल्या तापणाऱ्या नळीच्या, आचेनं रबर खालून तडकलं होतं.

बोटभर नवा तुकडा, दोन क्लिपा. रेस गप खाली बसली. संध्याकाळपर्यंत मळणी उरकली.

पैसे देताना तात्या म्हणाले, "माझ्या बिडीचं कापून घेतो बरं का."