बदलापूरचे घर आणि माझे दोन तास वीस मिनिटे

मुंबईत विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आम्ही अकरा वर्षे भाड्याने राहिलो. यंदा मार्चमध्ये आमच्या इमारतीचा पुनर्विकास पक्का झाला आणि दसऱ्यापर्यंत घर रिकामे करून द्यावे, असे मालकांनी सांगितले. त्यांचा काही दोष नाही. पुनर्विकासात घरमालकाला विकासकाकडून दरमहा पर्यायी घराचे भाडे मिळते आणि पुढे मोठे घरही मिळते. आमच्यासारख्या भाडेकरूचा मात्र त्या करारात कोठेही उल्लेख नसतो. म्हाडाच्या या जुन्या वसाहतीत एकामागून एक इमारती उतरवल्या जात असल्यामुळे ती मालकमंडळीही, हातात विकासकाने दिलेले भाडे घेऊन, आसपासच घरे शोधत असतात आणि साहजिकच भाडी चढतात. आम्ही 24 हजार देत होतो. तेवढ्याच खोल्यांसाठी शेजारच्या गल्लीत 32 हजारांखाली कोणी बोलायला तयार नव्हते. त्याच परिसरात विकत घ्यायचे म्हटले, तर एक बीएचकेसाठी सांगितले जाणारे आकडे आमच्या दोघांच्या पगारात कोणतीही बँक मंजूर करणार नाही, इतके मोठे होते.

बदलापूरचे नाव पुढे आले ते त्यामुळे. माझी नणंद तेथे नऊ वर्षे राहते आहे. तिच्या भागात 37 लाखांत एक बीएचके मिळत होते, आणि साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी 30 लाखांचे कर्ज काढले, तर हप्ता 26 हजारांच्या आसपास बसत होता. म्हणजे विक्रोळीतल्या नव्या भाड्यापेक्षा सहा हजारांनी कमी, आणि घर आपल्या नावावर. कर्जाचा संपूर्ण तक्ता पाहिला तेव्हा वीस वर्षांत आपण जवळजवळ साडेबासष्ट लाख भरणार, हे दिसून छातीत धस्स झाले. पण भाड्याने राहून भरलेल्या रकमेतून शेवटी हाती काहीच उरत नाही, हेही तितकेच खरे होते.

पैशांचा हिशेब एका संध्याकाळी उरकला. वेळेचा हिशेब मात्र दोन महिने चालला, आणि हे लिहिण्याचे कारणही तोच आहे.

माझी कचेरी फोर्टात आहे. विक्रोळीहून दारापासून दारापर्यंत मला एक तास लागत असे. बदलापूर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून 68 किलोमीटरवर आहे. जलद लोकललाही दीड तासाच्या आसपास वेळ लागतो, आणि घरापासून स्थानकापर्यंतची चाल, फलाटावरची वाट पाहणे आणि टर्मिनसपासून कचेरीपर्यंतची चाल धरली, तर एका बाजूचे दोन तास दहा मिनिटे होतात. म्हणजे माझे रोजचे दोन तास वीस मिनिटे वाढणार. महिन्याला बावीस दिवस धरले, तर 51 तास. सुट्ट्या वगळून वर्षाचे पावणेसहाशेच्या आसपास तास, म्हणजे अखंड तेवीस-चोवीस दिवस.

नवऱ्याचे नेमके उलट. तो अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो आणि गेली अनेक वर्षे विक्रोळीहून रोज दीड तास उलट्या दिशेने जात होता. बदलापूरहून त्याला जेमतेम पस्तीस मिनिटे लागणार होती. त्याने कागदावर दोन्ही आकडे मांडले आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "तुझे दोन तास वीस मिनिटे वाढतात, माझे एक तास पन्नास मिनिटे वाचतात. घर म्हणून पाहिले, तर रोज फक्त अर्ध्या तासाचा फरक पडतो."

त्या वाक्यात गणिताची चूक नव्हती, म्हणूनच मला ते फार दिवस सलत राहिले. रुपये एका खात्यात टाकता येतात. माझ्या पगारातून हप्ता गेला आणि त्याच्या पगारातून किराणा आला, तरी घर चालते. तास तसे एका खात्यात पडत नाहीत. त्याचा वाचलेला वेळ माझ्यापर्यंत पोहोचायचा असेल, तर त्याला एकच मार्ग आहे: मी ज्या वेळात जे काम करत होते, ते काम त्या वेळेसह त्याच्याकडे गेले पाहिजे. पहाटेचे डबे, मुलीची शाळेची तयारी, रात्री आठला सासूबाईंचे इन्सुलिन, मुलीचा अभ्यास. हे न सरकता केवळ घर सरकले, तर त्या स्वस्त घराची उरलेली किंमत घरातली एकच व्यक्ती चुकती करत राहणार होती.

मग आम्ही ठरवले, की आधी राहून पाहायचे, आणि तेही पावसाळ्यात. जुलैमध्ये तीन आठवडे आम्ही चौघे नणंदेकडे राहिलो. सासूबाई मुलीकडे जायला आनंदाने तयार झाल्या. आमच्या मुलीला रिक्षा आणि लोकल करून विक्रोळीच्या शाळेत नेणे-आणणे शक्य नव्हते, म्हणून तिच्या काही रजा झाल्या आणि काही दिवस ती माझ्या आईकडे भांडुपला राहिली. घर घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, की रविवारी दुपारी सॅम्पल फ्लॅट पाहून आणि रिकाम्या गाडीने परत येऊन काहीही कळत नाही.

पहिल्याच सकाळी मला कळलेली गोष्ट नणंदेला इतकी सवयीची होती, की ती सांगायलाच विसरली होती. बदलापूरहून सुटणारी गाडी म्हणजे बसायला जागा, असे मी गृहीत धरले होते. मुंबईकडून आलेली गाडी फलाटाला लागली, तेव्हा महिलांच्या डब्यातल्या खिडकीच्या जागा आधीच भरलेल्या होत्या. त्या बायका अंबरनाथहून उलट्या दिशेने बसून आल्या होत्या. गाडी पुरती थांबायच्या आत उरलेल्या जागाही गेल्या. मला चौथी सीट मिळाली, म्हणजे तिघींच्या बाकाच्या टोकाला अर्धे अंग टेकण्यापुरती जागा, आणि कल्याणनंतर तीही मोलाची वाटू लागली. डोंबिवलीला आत शिरलेली एक मुलगी सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाली, "कुठे उतरणार?" मी "शेवटपर्यंत" म्हटल्यावर ती पुढच्या बाकाकडे वळली. तेथून टर्मिनसपर्यंत ती उभी होती. अंतर तिचे वीस किलोमीटरने कमी होते, तरी त्या सकाळी माझा प्रवास तिच्यापेक्षा सुसह्य झाला. त्यामुळे डोंबिवली जवळ आहे म्हणून तेथे घ्यावे, हा आमचा दुसरा पर्याय माझ्या मनातून उतरला. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, तेव्हापासून दारात लटकणाऱ्यांकडे पाहताना माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. बसून शंभर मिनिटे आणि दारात उभे राहून साठ मिनिटे यांची तुलना घड्याळाने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट गाड्यांच्या संख्येची. कल्याणपर्यंत एक गाडी चुकली, तर पाठोपाठ दुसरी येते. कल्याणच्या पुढे मात्र दोनच मार्गिका आहेत, त्यांवरूनच पुण्याकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात, त्यामुळे लोकल मोजक्या. संध्याकाळी एक बदलापूर गाडी चुकली, की घरी पोहोचायची वेळ वीस मिनिटांनी पुढे जाते. कल्याण ते बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचे काम सुरू आहे आणि अंबरनाथ-बदलापूर दरम्यान चिखलोली स्थानकही होणार आहे, पण बिल्डरांच्या माहितीपत्रकांत ही कामे जणू पूर्ण झाल्याप्रमाणे घराच्या किमतीत धरलेली आढळतात. मी ती माझ्या हिशेबात एका मिनिटाचीही धरली नाहीत. जी मार्गिका आज नाही, तिच्यावरून मी उद्या कचेरीत जाऊ शकत नाही.

पाऊस पाहायचा होता, तोही पाहिला. 2019 च्या जुलैमध्ये बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली होती, हे सर्वांना आठवत असेल. पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूच्या सखल भागात एक घर आम्हाला स्वस्तात मिळत होते. तळमजल्यावरच्या किराणा दुकानदाराला मी सहज विचारले, तर त्याने शटर अर्धे खाली ओढून दाखवले. माझ्या खांद्याच्या थोडी खाली मातकट रेघ होती. रंग दोनदा लावूनही ती पुन्हा उमटते, असे तो म्हणाला. त्या रेघेने एका मिनिटात ते घर आमच्या यादीतून गेले.

मात्र सर्वांत जास्त शिकवले ते घरातल्या संध्याकाळींनी. पहिल्या आठवड्यात नवरा साडेसहाला घरी येत होता आणि मी सव्वाआठला. मी आले की स्वयंपाकाला लागत असे, कारण तो माझी वाट पाहत असे. जेवायला दहा वाजत. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. हातात आलेल्या वेळेत नेमके काय करायचे, हे अकरा वर्षांत त्याला कधी ठरवावे लागले नव्हते, इतकेच. शनिवारी रात्री आम्ही बोललो. मी त्याला म्हटले, "तुझे एक तास पन्नास मिनिटे तू मला दाखवलेस. आता ते मला दे." दुसऱ्या आठवड्यापासून पोळ्या जवळच्या पोळीभाजी केंद्रातून येऊ लागल्या, भाजी-आमटी त्याने हाती घेतली, आणि आठचे इन्सुलिनही. तिसऱ्या आठवड्यात मी घरी आले, तेव्हा कुकर उतरलेला होता आणि तो सासूबाईंना विचारून मसूरच्या आमटीला फोडणी देत होता. सासूबाई मला पाहून म्हणाल्या, "अगं, आधी बस. पाणी घे." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, की हे घर आपल्याला परवडेल.

सगळे तास असे सोपवता येत नाहीत, हेही नोंदवते. संध्याकाळी सात ते साडेआठ हा माझ्या मुलीचा बोलण्याचा वेळ आहे. शाळेत कोण रडले, कोणी डब्यातले काय खाल्ले, हे ती त्याच वेळात सांगते. नंतर तिचे डोळे मिटू लागतात. तो वेळ वडिलांना देऊन माझी भरपाई होणार नव्हती. म्हणून मी कचेरीत दहा ते सहाऐवजी नऊ ते पाच अशी वेळ मागितली आणि ती मिळाली. पावणेसातला घर सोडावे लागेल, पण सव्वासातपर्यंत मी परत येईन. ही सवलत मिळाली नसती, तर मी नकार दिला असता, आणि तसे मी नवऱ्याला आधीच सांगितले होते.

घर निवडताना शेवटी दोन पर्याय उरले. एक 31 लाखांचे, नव्या संकुलातले, बाग आणि व्यायामशाळा असलेले, पण स्थानकापासून शेअर रिक्षाने वीस मिनिटांवर. दुसरे 37 लाखांचे, जुन्या सहा मजली इमारतीतले, स्थानकापासून दहा मिनिटे चालत. सहा लाखांच्या जादा कर्जाचा हप्ता महिन्याला साधारण 5,200 रुपये. रिक्षाचे वाचणारे पैसे वजा केले, तर 4,300. त्या बदल्यात, रिक्षाच्या रांगेतली वाट धरून, माझे रोजचे निदान चाळीस मिनिटे वाचत होते, म्हणजे महिन्याला साडेचौदा तास. एका तासाला तीनशे रुपयांच्या आत. भर पावसात रिक्षाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका मी तीन आठवडे रोज पाहिल्या होत्या. मला ही किंमत अजिबात जास्त वाटली नाही. पाण्याच्या वेळा, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीच्या नावावर जमीन झाली आहे की नाही, हे सारे तपासून ऑगस्टमध्ये आम्ही नोंदणी केली. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतले, त्यामुळे मुद्रांक शुल्कात महिलांसाठीची एक टक्का सवलतही मिळाली.

वीज वरचेवर जाते, पहिल्याच वादळी रात्री पाच तास गेली होती, आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल कमी असतात तेव्हा, माहेरी जायचे म्हणजे अर्धा दिवस मोडणार आहे. सासूबाईंचे कन्नमवार नगरातले भजनी मंडळ सुटणार, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते. त्या बोलून दाखवत नाहीत. मुलीला नव्या शाळेने दुसऱ्या सत्रापासून प्रवेश द्यायचे मान्य केले आहे. प्रवेशअर्ज मीच भरला, आणि तातडीच्या संपर्कासाठी पहिला क्रमांक जेथे लिहायचा असतो, तेथे या वेळी नवऱ्याचा लिहिला.