तुम्ही विचारलंत म्हणून : एवढा वेळ कुठून काढता?

पतसंस्थेत दुपारी डबा उघडून नानकटाई फिरवली की कुणीतरी हमखास विचारतं. मुलीच्या वर्गातल्या मुलांच्या आया विचारतात. परवा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसानंही बाहेरच्या खोलीत पसरलेली अर्धी गोधडी ओलांडता ओलांडता विचारलं, "नोकरी करून एवढा वेळ कुठून काढता हो ताई?"

बरीच वर्षं माझं उत्तर ठरलेलं होतं. "आवड असली की सवड मिळते." समोरची बाई हसून गप्प बसायची. गप्प बसायची, कारण या म्हणीचा सरळ अर्थ "तुम्हाला आवड नाही" असा होतो, आणि हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं. कसं शिरलं ते सांगतेच. पण मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, तेव्हा आधी जमाखर्च.

माझं माहेर चिपळूणचं, सासर साताऱ्याचं. कुंभार्ली घाटाच्या खालीही भाजण्याची एक परंपरा होती आणि वरही. खालची आजीच्या चुलीवर. वेलावरचं तवसं, म्हणजे मोठी काकडी, पिकून पिवळं झालं की आजी धोंडस करायची. तवशाचा कीस, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं. सगळं शिजवून जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं, खाली मंद निखारे, वर झाकणावर निखारे. कडेला जी खरपूस पापडी सुटते तिच्यावरून आम्हां भावंडांची मारामारी. पुढे मी केक शिकायला लागले तेव्हा आजीला मोठ्या तोऱ्यात समजावलं की बेकिंग म्हणजे खालून-वरून दोन्हीकडून उष्णता द्यायची. ती म्हणाली, "मग मी इतकी वर्षं काय करत्ये?"

घाटावरची परंपरा नवऱ्याकडून ऐकलेली. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर आणि वनस्पती तूप घेऊन मुलं बेकरीच्या भट्टीवर नंबर लावायची. पावाची खेप निघाली, भट्टीचा ताप जरा उतरला, की नानकटाईचे पत्रे आत जायचे. तिथेच बसून राहायचं, कारण आपल्याच तुपाची आपल्याला मिळावी अशी आईची ताकीद. मग पत्र्याचा डबा गरम असतानाच सायकलच्या कॅरिअरवर. घरी पोचेपर्यंत वरचा थर कमी झालेला असायचा आणि त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

आता ओट्यावर विजेचा ओव्हन आहे. माझं प्रमाण लिहूनच देते, म्हणजे पुढचा प्रश्न वाचेल. १०० ग्रॅम तूप आणि ९० ग्रॅम पिठीसाखर हाताने पांढरं होईपर्यंत फेसायचं. त्यात १०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम नाचणीचं पीठ, चिमूटभर मीठ, चिमूटभर सोडा, वेलची. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. तूप पातळ असेल तर गोळे पसरून त्यांच्या पुऱ्या होतात, म्हणून मे महिन्यात तूप आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये. १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागतात, घाबरून परत आत ढकलू नका, गार झाल्या की खुसखुशीत होतात.

आणि कृपा करून याला पौष्टिक म्हणू नका. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून नाचणी घातली की तूप-साखरेला माफी अशी समजूत झाली आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, हे खरं. पण वरच्या मापात २६ नानकटाया होतात. म्हणजे एकीत चार ग्रॅमही नाचणी नाही आणि कॅल्शियम जेमतेम १४ मिलिग्रॅम. आमच्या सासूबाई सकाळी वाटीभर आंबील देतात, तिच्यात २५ ग्रॅम पीठ असतं. तिथेच ८०-९० मिलिग्रॅम झालं, वर ताकातलं वेगळं. नानकटाई गोड लागते म्हणून खावी.

या आंबिलीपाशीच माझ्या उत्तराचा पहिला भाग आहे. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवलं की सकाळपर्यंत ते आपलं आपण आंबतं. उठल्यावर शिजवायचं, निवलं की ताक, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. आठ तासांच्या कामातला माझा वाटा दोन मिनिटांचा. दह्याचं तेच. मी घरात कामं निवडताना हे बघते, की काम माझ्यासाठी थांबतं का, किंवा माझ्याशिवाय पुढे सरकतं का. चकली थांबत नाही. तेल तापलं की तुम्ही तिचे नोकर. म्हणून चकल्या मी विकत आणते आणि मला त्याची लाज वाटत नाही.

पाव मात्र थांबतो. ३०० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम मैदा, पाऊण चमचा नाही तर अर्धाच चमचा कोरडं यीस्ट, दीड चमचा मीठ, थोडं तेल, साधारण ३४० मिलिलिटर पाणी. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर कालवते आणि अर्धा तास तशीच झाकून ठेवते. पोळीची कणीक भिजवून ठेवतो त्याचंच हे भावंड. पीठ पाणी पितं आणि निम्मं मळणं आपोआप होतं. मग जरा मळून फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट सावकाश चालतं, आणि सावकाश फुगलेल्या पावाला चवही येते. रविवारी सहाला बाहेर काढून साच्यात, पावणेआठला ओव्हनमध्ये २०० अंशांवर ३५ मिनिटं. पूर्ण कणकेचा करू नये असं माझं ठाम मत झालं आहे. कोंड्याचे कण पिठाचा ताण तोडतात आणि पाव बसतो.

एकदा मी याच्याही पुढे जाऊन ज्वारीचा पाव केला होता. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे यीस्टने सोडलेला वायू धरून ठेवायला त्या पिठात काहीच नव्हतं. वीट निघाली. मुलाने ती पुस्तकांना टेकण म्हणून चार दिवस वापरली. सासूबाईंनी एक तुकडा मोडून पाहिला आणि म्हणाल्या, "भाकरीच करायची होती तर पाणी गरम घ्यायचंस." बरोबरच होतं. गरम पाण्यानं ज्वारीचं पीठ चिकट होतं, म्हणून तर भाकरी थापताना चिरत नाही. एवढं ज्ञान घरात परातीपाशी बसलेलं असताना मी ते मोबाइलवर शोधत होते.

आता गोधडी, कारण "वेळ" हा शब्द लोक तिच्याकडे बघूनच काढतात. पाचवारी सुती साडी साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला जरा कमी रुंद. तिच्या तीन घड्या केल्या की माणसाला पुरेल एवढे तीन थर मिळतात. अशा दोन साड्या एकावर एक, म्हणजे सहा थर. सुतीच हवी. सिंथेटिक साडीवर सुई घसरते आणि अंगावर ऊब लागत नाही. आम्ही फरशीवर पसरून चारी कोपऱ्यांवर डाळी-तांदळाचे डबे ठेवतो, सुरकुत्या हातानं बाहेर लोटतो, आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत येतो. ओळींत बोटभर, म्हणजे दोन सेंटिमीटर अंतर. हिशेब केला तर एका गोधडीत शंभर मीटरच्या वर धावदोरा भरतो. माझ्या ५७ बैठका, प्रत्येकी २५ मिनिटांच्या. एकूण जवळजवळ २४ तास.

ऐकायला भीती वाटते, पण हे २४ तास कधीच सलग लागत नाहीत. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत, मुलीचे पाढे ऐकताना, लाइट गेल्यावर खिडकीशी. सुई टोचून उठलं की काम जिथल्या तिथे राहतं. उतू जात नाही, करपत नाही. गणपतीत घातलेली गोधडी होळीला संपते, एकदा तर दुसरे गणपती आले होते. तोवर बाहेरच्या खोलीत एक गठ्ठा पडलेला असतो आणि पाहुणे आले की तो सोफ्यामागे जातो. माझं घर आवरलेलं नसतं. हे खर्चाच्या बाजूला लिहून घ्या.

मुलांच्या हस्तकलेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिवाळीचा आकाशकंदील घरी होतो. कामट्या नवरा बांधतो, मैद्याची खळ मुलगी शिजवते, पतंगाचा कागद मुलगा चिकटवतो आणि स्वतःलाही चिकटवून घेतो. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. ते विषारी, आमच्याकडे बंद. दरवर्षी कंदील एका बाजूला कलतो. शेजारच्यांना वाटतं ती आमची शैली आहे.

आता ती म्हण.

आमच्याकडे सोमवार ते शनिवार पोळ्यांना मावशी येतात. (रविवारी त्यांची सुट्टी, रविवारच्या पावाचं खरं मूळ हेच.) एका संध्याकाळी नात्यातल्या एक बाई आल्या होत्या. गोधडीवर हात फिरवत त्यांनी तोच प्रश्न विचारला, मी तेच उत्तर दिलं. मावशी आत लाटत होत्या. पाहुणी गेल्यावर हात पुसत बाहेर आल्या, गोधडीचा कोपरा उलटा करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाल्या, "टाका लांब पडतोय वैनी तुमचा." मग कळलं की त्यांनी लग्नाआधी माण तालुक्यातल्या गावी पाच वाकळा, म्हणजे गोधड्याच, शिवल्या होत्या, आणि लग्नात सहावी स्वतःची घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, मग आता का नाही शिवत? तेव्हा मावशी अगदी सहज, टोमण्याचा मागमूसही नसलेल्या आवाजात म्हणाल्या, "आवड हाये की. सवड कुठनं आणू? सात घरं हायती."

त्या रात्री मी खरंच कागदावर मांडलं. आमच्याकडे रोजच्या २४ पोळ्या. कणीक मळण्यापासून ओटा पुसेपर्यंत मला तासभर लागतो, मावशी ४० मिनिटांत उरकतात. आठवड्याचे सहा तास माझे वाचतात. चार आठवड्यांचे २४. म्हणजे एका महिन्याच्या पोळ्या बरोबर एक गोधडी. इतका चोख ताळा मला पतसंस्थेत मार्चअखेरीसही लागत नाही. आंबील ढवळायला, दुधावर लक्ष ठेवायला, मुलं शाळेतून आली की दार उघडायला सासूबाई आहेत, ते तर मी मोजलंच नाही. धुणं आणि कपड्यांच्या घड्या नवऱ्याकडे, आणि त्याबद्दल त्याला माहेरची-सासरची मिळून जेवढी शाबासकी मिळते तेवढी मला ५७ बैठकांनाही मिळालेली नाही.

तेव्हा वेळ मी काढत नाही. तो मला दिला जातो, थोडा प्रेमानं, थोडा पगारावर. पगार दर दिवाळीला वाढवते, पण सातव्या घराचं सहावं घर होईल एवढा मी एकटी वाढवू शकत नाही, हेही त्याच कागदावर दिसलं.

गेल्या मे महिन्यात मुलं चिपळूणला आजोळी गेली आणि पोळ्या निम्म्यावर आल्या. पैसे तेवढेच राहतील असं मी सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मावशी लवकर उरकून निघाल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि खाली बसून सुई उचलली. मग महिनाभर रोज वीस मिनिटं बसत होत्या. चहा व्हायचा. कोणत्या घरी कोणाचं काय चाललंय ते मला कळायचं, आणि आमचं कुठे कळत असेल याची काळजीही वाटायची. हे मी त्यांना बसायला दिलं की त्यांच्याकडून आणखी एक काम करून घेतलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "गप शिवा की."

दुसरा प्रश्न असतो, "विकता का?" नाही विकत. पण परवा त्या नळवाल्यानं फारच लावून धरलं, बहिणीच्या बाळंतपणात द्यायची आहे म्हणाला, तेव्हा मी गोधडी उलगडून त्याला दाखवली. उजव्या हाताचा एक कोपरा आहे, दीड वीत असेल. तिथले टाके तांदळाएवढे, एका मापाचे, मागूनही तसेच. बाकी सगळीकडे माझा दोरा वाट चुकल्यासारखा. तो सुताराच्या डोळ्यानं बघत राहिला आणि बोट नेमकं त्या कोपऱ्यावर ठेवून म्हणाला, "असली सगळी मिळेल का?"

मी म्हटलं, ती बाई सहाला येते, पण सातला तिला पुढच्या घरी जायचं असतं.