पुठ्ठ्यांतला मोर

सोलापुरात प्रदर्शनांच्या मांडणीचं काम मी करतो. चौकटी लटकवणं, दिव्यांचे कोन, लेबलं, विक्रीची यादी, सगळं. नव्या धाटणीच्या कामांसमोर लोक जरा बिचकतात आणि "हे नेमकं काय?" असं हळूच मलाच विचारतात. मला हा प्रश्न आवडतो. विचारणारा माणूस निदान थांबलेला असतो.

गेल्या हिवाळ्यातल्या एका समूह प्रदर्शनात मूळच्या इथल्याच एका तरुण चित्रकर्तीचं काम होतं. जकार्ड मागावरची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरची जुनी पंचकार्डं, भोकं पाडलेले पुठ्ठे, तिनं भंगारवाल्याकडून वजनावर आणलेली, दोरीनं ओवलेली तशीच. छतापासून जमिनीपर्यंत ती सोडली होती आणि मागून दिवा लावला होता. भोकांतून पडणारा उजेड समोरच्या भिंतीवर ठिपक्याठिपक्यांनी पसरायचा. लेबलावर तिचं नाव आणि खाली 'सापडलेल्या वस्तू'.

दुपारी पूर्व भागातले एक काका नातीला घेऊन आले. बाकी भिंतींकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, तडक त्या पुठ्ठ्यांपाशी गेले. कडेला पेनानं घातलेले नंबर बोटानं चाचपले आणि म्हणाले, "उलटं लावलाव की. एक नंबर खाली पायजे. मोर डोक्यावर उभारलाय."

कसला मोर? चित्रकर्ती धावत आली. कार्डांवर कुठली नक्षी आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. काकांनी आयुष्यभर चादरींच्या कारखान्यात कार्डं पाडलेली, म्हणजे नक्षीप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडलेली. ते समजावू लागले. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. भोक असेल तिथला हुक वर जातो आणि त्याच्यासोबत उभा धागा उचलला जातो. कोरं असेल तिथला खालीच राहतो. नक्षी आधी ग्राफवर रंगवायची, मग ओळीओळीनं पुठ्ठ्यावर उतरवायची. चित्रकर्तीनं विचारलं, "उलटं करता येईल का? पुठ्ठ्यावरनं परत ग्राफवर?"

"येतंय की. ग्राफ आणा."

मी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून कागद आणला. नात नंबर वाचायची, चित्रकर्ती भोकं सांगायची, काका चौकोन भरायचे. कार्डावर आठ-आठ भोकांच्या उभ्या ओळी. काका आठाच्या घासानंच वाचत होते, एकेक मोजत नव्हते. पूर्ण रुंदी घेतली असती तर रात्र झाली असती, म्हणून मधलाच एक भाग धरला. आधी पाय, मग पोट. बघणारे वाढत गेले. "पंख उजवीकडं, पंख उजवीकडं!" असं कुणीतरी मागून सांगायला लागलं. मान वळली तेव्हा नात ओरडलीच.

मला राहवलं नाही. ही वस्तू सापडलेली कशी? कुणीतरी बसून ती पाडली आहे, भोक चुकलं असतं तर चादरीत दर मोराला तीच खोट आली असती. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, शहराचं नाव झालं, पण कार्ड पाडणाऱ्याचं नाव आपण कुठं लिहितो? मी तसं बोलून दाखवलं. चित्रकर्तीनं लेबल काढलंच. काकांचं नाव घालायचं ठरवलं, तर ते अडले. "ग्राफ माझा. कार्डं माझी न्हाईत. अक्षर दुसऱ्याचं हाय. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव कशाला?"

शेवटी लेबलावर तीन ओळी आल्या: मांडणी तिची, ग्राफ काकांचा, आणि 'कार्ड पंचिंग: नाव मिळालेलं नाही, शोध चालू'. कार्डं सुलट करून टांगायला मला आणि दोघा पोरांना संध्याकाळ लागली.

यादीतली त्या कामाची किंमतही तिनं खोडली. ग्राफ आणि कार्डं एकत्रच विकायची, आणि काकांचा वाटा आधी ठरल्याशिवाय कुणाशी बोलायचं नाही, असं तिनं मला यादीवरच लिहून दिलं.