भदोहीच्या मागांवर : विणकरांच्या हातांवरील उपचारांचा माझा अनुभव

मी मूळची नाशिकची, शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. उत्तर प्रदेशातील भदोही परिसरात हातविणीचे गालिचे विणणाऱ्यांच्या हातांवर उपचार करण्यासाठी गेले तेव्हा तपासणी, व्यायाम, मनगटाला आधार आणि फेरतपासणी असा नेहमीचा क्रम ठरलेला होता. तो पार पडलाही. पण त्याचा गुण खऱ्या अर्थाने दिसू लागला तो बसण्याची फळी आणि हातातील अवजारे बदलल्यानंतर. हे बदल कसे घडवून आणता आले, ते इथे सांगते.

उभ्या मागावर विणकर ताण्याचे दोन धागे बोटांनी पुढे ओढतो, त्यांच्याभोवती लोकरीची गाठ बसवतो, ती खाली खेचतो आणि उरलेली लोकर छुरीने कापतो. मी ज्यांना पाहिले त्यांपैकी बहुतेक जण गाठ मारतानाही छुरी खाली ठेवत नसत. करंगळी आणि अनामिका तिच्याभोवती दिवसभर आवळलेल्याच राहत. ओळ पुरी झाली की बाण्याचा धागा घालून लोखंडी पंजाने, म्हणजे दातेरी अवजाराने, ती ठोकायची. चौरस इंचाला 100 गाठींचा गालिचा धरला, तर एका चौरस फुटात 14,400 गाठी होतात, आणि प्रत्येक गाठीला चिमटीचा दाब, मनगटाची पीळ आणि एक झटका ठरलेला असतो.

तपासणीत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा आढळल्या. एक, अंगठ्याच्या बाजूने मनगटापर्यंत जाणाऱ्या कंडरांची, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्यांची, सूज. दुसरी, मनगटात नस (मज्जातंतू) दबल्यामुळे अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांत येणाऱ्या मुंग्या, म्हणजेच कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटे पूर्ण वाकवून दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मिनिटभर धरायला सांगितले की अनेकांना त्याच मुंग्या लगेच जाणवत. रात्री झोपेतून उठून हात झटकावे लागतात, हे बहुतेकांनी विचारल्यावरच सांगितले, कारण तो वयाचा किंवा थंडीचा परिणाम आहे असे त्यांनी धरून चालले होते. मधुमेह आणि थायरॉईडमुळेही हीच लक्षणे दिसतात, म्हणून रक्ततपासणी करून घेतली. ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झाला होता, त्यांना नसेच्या तपासणीसाठी वाराणसीला पाठवणे भाग होते. एका दिवसाची मजुरी बुडणार म्हणून ते कचरत होते. त्यांचे मन वळवण्यातच माझी बरीच शक्ती खर्च झाली.

फळीचा प्रश्न मागाशेजारी बसून पाहिल्यावर उलगडला. एकाच फळीवर दोन-तीन जण शेजारी बसतात आणि विणीची ओळ सगळ्यांसाठी एकाच उंचीवर असते. मी प्रत्येकाच्या कोपराची उंची मागाच्या खांबावर खडूने आखली. उंच पुरुषाची खूण ओळीच्या बरीच वर आणि शेजारच्या ठेंगण्या बाईची तितकीच खाली आली. म्हणजे तो दिवसभर पाठीतून वाकत होता आणि ती खांदे उचलून हात अधांतरी धरत होती. गालिचा विणकरांच्या बैठकीवर इराणमध्ये बरेच काम झाले आहे आणि तेथील अभ्यासकांनी उंच, पुढच्या बाजूला किंचित उतरती बैठक सुचवली आहे. त्या धर्तीवर गावातील सुताराकडून वेगवेगळ्या उंचीचे पाट करून घेतले आणि फळी थोडी खाली घेऊन प्रत्येकाला आपापला पाट दिला.

ठेकेदाराला शंका होती की बैठक बदलली तर गाठी सैल पडतील. ती शंका मला रास्त वाटली, कारण वीण बिघडली तर नुकसान विणकराच्याच मजुरीतून वसूल होते. म्हणून आधी एकाच मागावर पाट बसवले आणि पूर्ण झालेला भाग त्याला उलट्या बाजूने तपासू दिला. वीण घट्ट होती. मग त्याने बाकीच्या मागांसाठी लाकूड दिले.

अवजारांकडे लक्ष वेधले ते एका वयस्कर विणकराने. "दीदी, पाट तर दिलात, पण या बोथट छुरीचं काय?" असे म्हणत त्यांनी माझ्या हाती छुरी देऊन लोकर कापायला लावली. धागा तुटेपर्यंत माझे मनगट दोनदा पिळले गेले. त्यानंतर प्रत्येक मागाजवळ धार लावण्याचा दगड ठेवला आणि पंजाच्या बारीक दांड्याला सुती चिंध्या गुंडाळून मूठ जाड केली. बारीक मूठ धरायला बोटे जास्त आवळावी लागतात. जाड मुठीने हा ताण कमी होतो, आणि खर्च जवळजवळ काहीच नाही.

मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ ठेवणारा आधार, फक्त रात्री वापरायला सांगितला. दिवसा तो बांधून गाठ मारता येत नाही आणि मनगट अडल्याचा सारा भार कोपर-खांद्यावर जातो. सौम्य त्रास असलेल्या बहुतेकांच्या रात्रीच्या मुंग्या हळूहळू कमी झाल्या. नस फार दबलेल्या काहींना शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांना मागावर परत बसवण्याआधी लोकरीचे गुंडे करण्यासारखी हलकी कामे दिली.

विश्रांतीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मजुरी विणलेल्या मापावर मिळते, त्यामुळे हात मोकळे करण्यात किंवा छुरीला धार लावण्यात गेलेला वेळ विणकराच्या खिशातून जातो. म्हणून गालिच्याचा दर ठरवतानाच हा वेळ त्यात धरावा, अशी लेखी मागणी मी ठेकेदार आणि निर्यातदार यांच्याकडे केली आहे, आणि तिचा पाठपुरावा सुरू आहे.